एका फायबरमध्ये तीन लेझर: ऊती-उपचाराच्या यंत्रात बीम एकत्र कसे करावेत

शस्त्रक्रियेच्या लेझर यंत्रावर काम करताना डॉक्टरांना दिसतो तो एक लाल ठिपका. कापणारा, रक्त गोठवणारा, शीर बंद करणारा लेझर बहुतेक वेळा डोळ्यांना दिसतच नाही. लाल ठिपक्यावर विश्वास ठेवून ते पायाखालचा स्विच दाबतात. म्हणजे साध्यातल्या साध्या यंत्रातही दोन लेझर एकाच वाटेने जात असतात: एक दाखवणारा, एक काम करणारा. हल्ली काम करणारेही दोन-तीन असतात.

बीम एकावर एक बसवणं हे त्यातल्या त्यात सोपं काम आहे. वेळ खातात ते पुढचे दोन प्रश्न. लाल ठिपका जिथे आणि जेवढा दिसतो, तिथेच आणि तेवढ्यातच बाकीचे बीम पोचतात का? आणि पडद्यावरचा प्रत्येक आकडा त्या त्या तरंगलांबीपुरता खरा आहे का? सगळी मांडणी या दोन प्रश्नांपासून उलटी ठरवत आणावी, असं माझं मत आहे. भिंगं-आरसे आधी मागवून मग विचार करणाऱ्यांचं टेबल नेहमी भरलेलं असतं आणि यंत्र नेहमी अर्धवट.

उदाहरणासाठी मूळव्याध आणि व्हेरिकोज व्हेन्सच्या उपचारांत दिसणाऱ्या यंत्राची जातकुळी घेऊ: ९८० नॅनोमीटर तरंगलांबीचा ३० वॅटचा लेझर डायोड, १४७० चा १२ वॅटचा, सोबत ६३५ चा लाल, आणि तिघांनाही ४०० मायक्रॉन गाभ्याच्या एकाच फायबरमध्ये घालायचं. शेवटाकडे कार्बन डायऑक्साइड लेझरकडे वळू, कारण त्याची दुखणी निराळी आहेत. लेख बायोमेडिकलचे विद्यार्थी, ऑप्टिक्सच्या प्रयोगशाळेत काम करणारे आणि सर्व्हिस इंजिनिअर यांच्यासाठी आहे. टेबलावर जुळवलेलं यंत्र माणसावर वापरायचं नसतं. त्यासाठी वैद्यकीय उपकरण नियम २०१७ प्रमाणे परवाना, आयईसी ६०६०१-२-२२ आणि ६०८२५-१ या मानकांनुसार तपासण्या, हा वेगळा आणि लांबचा रस्ता आहे.

गॉगलची गोष्ट आधी

९८० नॅनोमीटर डोळ्याच्या पडद्यापर्यंत जातो. १४७० पाण्यात शोषला जात असल्याने बुबुळावरच्या पारदर्शक पटलाला भाजतो. दोन्ही अदृश्य, आणि या शक्तीला दोन्ही वर्ग ४ मध्ये, म्हणजे लेझरच्या सर्वांत धोकादायक वर्गात येतात. गॉगलच्या दांडीवर कोणत्या तरंगलांबीला किती ऑप्टिकल डेन्सिटी, म्हणजे प्रकाश किती अडतो त्याचं माप, हे छापलेलं असतं, तिथे दोन्ही आकडे सापडले पाहिजेत. एका तरंगलांबीचा गॉगल घालून दुसरीसमोर उभं राहणं हे मल्टी-लेझर टेबलावरचं सगळ्यात सहज घडणारं संकट आहे. कार्बन डायऑक्साइड लेझरला साधा पारदर्शक पॉलिकार्बोनेटचा चष्मा पुरतो, पण तोच चष्मा ९८० किंवा १०६४ ला अगदी मोकळी वाट देतो. दारावर इंटरलॉक (दार उघडताच लेझर बंद करणारी कळ), टेबलाला कडेने काळी धातूची भिंत, अंगठ्या-घड्याळं खिशात. एवढं झाल्याशिवाय डायोडचा करंट थ्रेशोल्डवर, म्हणजे जिथे लेझर सुरू होतो तिथे, न्यायचा नाही.

कोणत्या तरंगलांब्या, आणि का

ऊतीत लेझरला पकडणारे मुख्य तिघे: पाणी, हिमोग्लोबिन आणि मेलॅनिन. १४७० ला पाणी जोरात शोषतं. शुद्ध पाण्यात साधारण ०.४ मिमीमध्येच त्याची शक्ती एक-तृतीयांशाच्या आसपास येते. ९८० ला पाणी त्या मानाने खूपच कमी, पण हिमोग्लोबिन बऱ्यापैकी शोषतं, त्यामुळे तो काही मिलिमीटर आत जाऊन गोठवण्याचं काम करतो. एक पृष्ठभागाजवळ उडवतो, दुसरा आत रक्तस्राव आवरतो. एकत्र करण्यामागचं कारण एवढंच आहे.

यातून लगेच एक गोष्ट निघते जी विक्रीच्या पत्रकांत कधी लिहिलेली नसते: १० वॅट अधिक १० वॅट म्हणजे ऊतीच्या दृष्टीने २० वॅट नव्हेत. दोन वेगळ्या खोलींवर दोन वेगळी कामं चालली आहेत. पडद्यावर नुसती बेरीज दाखवणारं यंत्र अर्धी माहिती दाबून ठेवतं.

वेळेचाही विचार इथेच करावा. अँडरसन आणि पॅरिश या संशोधकांनी १९८३ मध्ये मांडलेलं निवडक तापवण्याचं तत्त्व सांगतं, की लक्ष्यातली उष्णता आजूबाजूला पसरायच्या आत पल्स संपला पाहिजे. १०० मायक्रॉन जाडीच्या रक्तवाहिनीला हा अवधी अंदाजे ५ मिलिसेकंद येतो. दोन लेझर एकाच क्षणी सोडायचे की पाठोपाठ, हा निर्णय या आकड्यावर ठरतो. त्वचेवरच्या रक्तवाहिन्यांसाठी ५९५ नॅनोमीटरचा डाय लेझर आधी आणि थोड्या विलंबाने १०६४ सोडणारी यंत्रं आहेत. पहिल्याने हिमोग्लोबिनचं काही प्रमाणात मेटहिमोग्लोबिन, म्हणजे त्याचंच बदललेलं रूप, होतं, ते १०६४ जास्त शोषतं, म्हणून दुसऱ्याचं काम कमी ऊर्जेत होतं. अशा जोडीत बीम वाटेत एकत्र नसले तरी चालतात, ठिपका आणि वेळ मात्र जुळलीच पाहिजे. आपल्या ९८०-१४७० च्या जोडीत दोघे अखंड चालतात, तेव्हा ही अट सैल आहे.

एकत्र आणायच्या वाटा

तरंगलांब्या वेगळ्या असतील तर डायक्रॉइक आरसा: एक रंग पार होतो, दुसरा परावर्तित होतो, दोघे एकाच अक्षावर येतात. तरंगलांबी एकच असेल आणि फक्त शक्ती वाढवायची असेल तर ध्रुवण, म्हणजे पोलरायझेशनच्या क्यूबमधून दोन बीम जोडता येतात. पण दोनच. एकत्र झालेल्या बीममध्ये दोन्ही ध्रुवणं भरलेली असतात, त्यामुळे तीच युक्ती पुन्हा चालत नाही. बीमच्या कला, म्हणजे फेज जुळवून जोडण्याची पद्धत संशोधनात आहे. ऊती तापवायला तिची काहीच गरज नाही.

तिसरी वाट शेजारी-शेजारी ठेवण्याची, आणि ती मला आवडते. १०५ मायक्रॉन गाभा आणि १२५ मायक्रॉन बाहेरचा व्यास असलेले सात फायबर घ्या. एक मध्ये, सहा भोवती. गठ्ठ्याचा व्यास होतो १२५ च्या तिप्पट, ३७५ मायक्रॉन, म्हणजे ४०० च्या गाभ्यात तो नेमका बसतो. सहांत काम करणारे डायोड, मधल्यात लाल. डायक्रॉइक नाही, कोनांची कटकट नाही. तोटा असा की जागा आणि कोन दोन्ही काठोकाठ भरतात, चूक करायला मोकळीक उरत नाही आणि मधला लाल बाकीच्यांसारखा पसरतोच असं नाही. बदलत्या तरंगलांब्यांवर प्रयोग करायचे असतील तर डायक्रॉइकचं टेबल बरं. पुढचं सगळं त्याविषयी.

कागदावरचा हिशेब

प्रत्येक बीमचा एक गुणाकार असतो: ठिपक्याची त्रिज्या गुणिले पसरण्याचा अर्धा कोन. त्याला बीम पॅरामीटर प्रॉडक्ट म्हणतात, बोलताना बीपीपी. चांगल्यात चांगलं भिंगही हा गुणाकार कमी करू शकत नाही. ठिपका लहान केला की कोन वाढतो, कोन कमी केला की ठिपका मोठा होतो.

आपलं ९८० चं मॉड्यूल, म्हणजे डायोडची बंद डबी, २०० मायक्रॉनच्या, ०.२२ एनएच्या फायबरमधून येतं असं धरू. एनए म्हणजे फायबर किती तिरकस प्रकाश आत घेतो त्याचं माप. १०० मायक्रॉन गुणिले ०.२२, म्हणजे २२ मिमी-मिलिरेडियन. ज्यात घालायचं त्या ४०० मायक्रॉन, ०.२२ च्या फायबरची क्षमता ४४. म्हणजे दुप्पट जागा आहे, हिशेब जमतो. १४७० चं मॉड्यूल १०५ मायक्रॉनचं असेल तर त्याचा गुणाकार साडेअकराच्या आसपास, तोही सुखाने बसतो.

ही दुप्पट जागा ठिपका आणि कोन यांत वाटून द्यावी. प्रत्येक मॉड्यूलपुढे २० मिमी फोकल लांबीचं भिंग लावून प्रकाश समांतर करायचा आणि शेवटी ३० मिमीच्या भिंगाने फायबरवर केंद्रित करायचा. प्रतिमा दीडपट होते. ९८० चा ठिपका ३०० मायक्रॉन, कोन ०.२२ वरून सुमारे ०.१५ वर. गाभ्याचा तीन-चतुर्थांश आणि कोनाचा दोन-तृतीयांश भरला. पुढच्या सगळ्या चुका याच उरलेल्या जागेत सामावायच्या आहेत, म्हणून ती कागदावरच राखून ठेवायची.

डायक्रॉइक निवडताना

पहिला नियम: सर्वांत जास्त शक्तीचा बीम शक्यतो परावर्तित करा. परावर्तन ९९ टक्क्यांच्या वर सहज मिळतं आणि काच तापत नाही. पार जाणाऱ्या बीमची शक्ती जास्त वाया जाते आणि काच तापून स्वतःच एक मंद भिंग बनते. म्हणून पहिल्या आरशावर ९८० परावर्तित, १४७० पार. दुसऱ्यावर लाल परावर्तित, ९८० आणि १४७० दोन्ही पार. दोन्ही आरसे लाँगपास, म्हणजे लांब तरंगलांबी पार करणारे, आणि तेच बनवायलाही तुलनेने सोपे असतात.

दुसरा नियम कोनाचा. कोटिंगची कड, म्हणजे जिथे परावर्तन संपून पारगमन सुरू होतं ती तरंगलांबी, आरसा तिरका केला की लहान तरंगलांबीकडे सरकते. सरळ आपातासाठी बनवलेलं कोटिंग ४५ अंशात बसवलं तर कड आठ-एक टक्क्यांनी सरकू शकते, म्हणजे ९८० च्या आसपास सुमारे ८० नॅनोमीटर. कपाटात पडलेला फिल्टर उचलून ४५ अंशात लावू नका. शिवाय ४५ अंशात दोन ध्रुवणांच्या कडा वेगळ्या होतात. आपल्या तरंगलांब्या एकमेकींपासून लांब असल्याने फरक पडत नाही, पण ९१५, ९४० आणि ९८० एकत्र करणाऱ्याने कमी कोनाची मांडणी घ्यावी. डायोडची तरंगलांबी दर अंश सेल्सिअसला ०.३ नॅनोमीटरच्या घरात सरकते, तीही कडेपासून दूर राहिली पाहिजे.

तिसरं, आरसे समांतर बीममध्येच ठेवा. केंद्रित होत जाणाऱ्या बीममध्ये तिरकी काच आली की ठिपका लांबट होतो, आणि प्रत्येक किरण वेगळ्या कोनाने कोटिंगवर पडतो.

आता सांडणाऱ्या प्रकाशाकडे पाहा, कारण तीस वॅटचा अर्धा टक्काही १५० मिलिवॅट होतो. पहिल्या आरशातून निसटणारा ९८०, दुसऱ्यावरून उडणारा ९८० आणि १४७०, या सगळ्यांच्या वाटेत धातूचे काळे, प्रकाश गिळणारे बीम डंप हवेत. उलट दिशेचा विचार बहुतेक जण विसरतात. कोटिंग नसलेल्या फायबरच्या तोंडावरून सुमारे साडेतीन टक्के प्रकाश परत फिरतो, म्हणजे ३० वॅटमागे एक वॅट, आणि आपली भिंगं तो इमानेइतबारे मॉड्यूलच्या तोंडाशी नेऊन सोडतात. त्यातले दोन टक्के दुसऱ्या आरशावरून बिचाऱ्या लाल डायोडकडे वळतात. वीस मिलिवॅट, आणि लाल डायोड मुळातच पाच-दहा मिलिवॅटचा. त्याच्यासमोर ९८० अडवणारा छोटा फिल्टर लावला की तो वर्षानुवर्षं टिकतो. न लावलेल्या यंत्रांत 'एमिंग बीम (म्हणजे हाच दाखवणारा लाल) मंद झाला' ही तक्रार ठरलेली.

रंगदोष

एकाच काचेचं भिंग लाल रंगाला जवळ आणि १४७० ला दूर केंद्रित करतं. आपल्या ३० मिमीच्या भिंगाची काच बीके७ असेल, तर ९८० च्या फोकसपासून लाल सुमारे ०.४ मिमी अलीकडे आणि १४७० तेवढाच पलीकडे पडतो. ऐकायला किरकोळ वाटतं. पण ०.१५ च्या कोनाने येणारा बीम ०.४ मिमी चुकला की कडेला ६० मायक्रॉनचा धूसरपणा येतो. लाल ठिपका बारीक दिसेपर्यंत फोकस करून थांबणाऱ्याच्या १४७० चा धूसरपणा त्याच्या दुप्पट होतो आणि तो गाभ्याच्या कडेला जाऊन भिडतो. उरलेला प्रकाश क्लॅडिंगमध्ये, म्हणजे गाभ्याभोवतीच्या आवरणात, आणि तिथून कनेक्टर भाजायला.

वेगवेगळे रंग एकाच जागी केंद्रित करणारं महागडं अक्रोमॅट भिंग घेणं हा एक उपाय. दुसरा फुकट आहे: प्रत्येक रंगाला स्वतःचं समांतर करणारं भिंग आहेच, त्याचंच अंतर किंचित हलवा. प्रतिमा दीडपट असल्याने फोकस सव्वादोनपट सरकतो, तेव्हा ०.४ मिमी भरून काढायला १४७० चा फायबर त्याच्या भिंगापासून जेमतेम ०.१८ मिमी दूर न्यायचा, लालचा तेवढाच जवळ आणायचा. बारीक आट्याचा धारक असेल तर अर्ध्या फेऱ्यात काम होतं. एकदा जमलं की धारकाला गोंद.

जुळवणी

एका बीमला जागेचे दोन आणि कोनाचे दोन, असे चार सुटे धागे असतात. प्रत्येक रंगासाठी दोन समायोज्य आरसे हवेत; डायक्रॉइकचा धारक त्यांतला एक धरला तरी चालतो. याहून कमी आरशांत भागवायचा प्रयत्न करू नका.

अक्ष कोणता धरायचा? डिलिव्हरी फायबर, म्हणजे ऊतीपर्यंत प्रकाश नेणारा आपला ४०० मायक्रॉनचा, जागेवर बसवा आणि त्याच्या दुसऱ्या टोकातून मंद लाल प्रकाश उलटा सोडा. तो केंद्रित करणाऱ्या भिंगातून समांतर होऊन टेबलावर येतो. डायक्रॉइक अजून बसवलेले नाहीत. या उलट्या बीमवर दोन आयरिस, म्हणजे लहान-मोठं करता येणारं छिद्र असलेल्या चकत्या, ठेवा, एक जवळ आणि दुसरा जागा असेल तेवढा लांब, मीटरभर तरी. हाच आपला अक्ष. पुढे जे जे बसवाल ते या दोन छिद्रांतून गेलं पाहिजे.

मग डायक्रॉइक दोन्ही जागी लावा आणि आधी पार जाणारा १४७० जुळवा. तिरकी काच बीमला बाजूला सरकवते, ३ मिमी जाडीला ४५ अंशात जवळजवळ १ मिमी, त्यामुळे काच नसताना केलेली जुळवणी वाया जाते. स्रोताजवळच्या आरशाने जवळचं छिद्र साधायचं, दुसऱ्या आरशाने लांबचं. पुन्हा जवळचं, पुन्हा लांबचं. चार-पाच फेऱ्यांत दोन्ही जुळतात. जुळत नसतील आणि दर फेरीला बिघडत असतील, तर आरशांची अदलाबदल करताय. मग ९८०, शेवटी लाल. शक्ती अर्ध्या वॅटच्या आत.

दिसायचं कसं? सिलिकॉन कॅमेरा ११०० नॅनोमीटरपर्यंत पाहतो, म्हणजे लाल आणि ९८० दिसतील, १४७० नाही. त्यासाठी इनगॅस (इंडियम-गॅलियम-आर्सेनाइड) कॅमेरा किंवा त्या तरंगलांबीला चालणारं चमकतं कार्ड. साधं इन्फ्रारेड कार्ड १४७० ला गप्प बसलं म्हणून डायोड बंद आहे असं समजून हात पुढे नेऊ नये.

छिद्रांनी जुळवलेलं काम ढोबळ. आता आयरिस काढा आणि फायबरच्या दुसऱ्या टोकाला थर्मोपाइल, म्हणजे उष्णतेवरून शक्ती मोजणारा, पॉवरमीटर ठेवा. इथे एक फसवणूक आहे. मल्टिमोड, म्हणजे आपल्यासारख्या जाड गाभ्याच्या, फायबरमध्ये शक्तीचा माथा सपाट असतो: आरसा बराच फिरवला तरी आकडा हलत नाही, आणि आपण माथ्याच्या कडेवर उभे राहून खूश होतो. म्हणून स्क्रू एका बाजूला फिरवत शक्ती पाच टक्के घटेपर्यंत जा, खूण करा, दुसऱ्या बाजूला तेवढीच घटेपर्यंत जा, आणि बरोबर मध्ये येऊन थांबा. आडवा आणि उभा, दोन्ही स्क्रूंना, तिन्ही रंगांना. कंटाळवाणं काम आहे, पण यंत्र गरम झाल्यावर किंवा गाडीतून हिंदकळत रुग्णालयात पोचल्यावर जुळवणी टिकते ती एवढ्यामुळेच.

कोटिंग नसलेल्या फायबरची दोन्ही तोंडं मिळून सात टक्के खातात, तेव्हा वरची मर्यादा ९३. नव्वद मिळाले तर छान. पंच्याऐंशीच्या खाली असाल तर शक्ती वाढवायच्या आधी कारण शोधा. पूर्ण शक्तीला फायबरच्या तोंडावर चौरस सेंटिमीटरला ४० किलोवॅटहून जास्त पडतात. तिथे बोटाचा ठसा किंवा कापसाचा तंतू असेल तर तो जळतो, काच खराब होते आणि एसएमए कनेक्टर, म्हणजे फायबर यंत्राला जोडणारा भाग, जातो. दर वेळी फायबर लावण्याआधी सूक्ष्मदर्शकातून तोंड बघणं ही सवय लावून घ्यावी.

लाल ठिपक्याचा आकार

फायबरचं मोकळं टोक पांढऱ्या कागदापासून १० सेंमीवर धरा आणि फक्त लाल चालू करा. ०.२२ एनए पूर्ण भरला असेल तर साधारण ४५ मिमीचं वर्तुळ दिसायला हवं. लाल लेझर डायोडचा बीम बारीक आणि नीटस असतो, तो फायबरच्या मधोमध सरळ शिरतो आणि बराचसा तसाच बाहेर येतो. मग वर्तुळ लहान दिसतं. ९८० मात्र मोठ्या कोनात पसरलेला असतो. फायबर ऊतीला टेकवून वापरायचा असेल तर बिघडत नाही. पण अंतरावरून मारणाऱ्या हँडपीसमध्ये, म्हणजे डॉक्टर हातात धरतात त्या भागात, डॉक्टरांना दिसणारा ठिपका खऱ्या उपचाराच्या ठिपक्याहून छोटा असतो, आणि कडेची निरोगी ऊती त्यांच्या नकळत भाजते.

उपाय: लालला आधी बीम-एक्स्पांडरने रुंद करून भिंगावर पाठवा, म्हणजे तो मोठ्या कोनातून शिरेल, किंवा त्याला आधी मल्टिमोड फायबरच्या वेटोळ्यातून घोळवून घ्या.

कागदावर भरीव वर्तुळाऐवजी कडं दिसलं तर बीम तिरका शिरतोय. जागा बरोबर, कोन चुकलेला. पॉवरमीटरला हे कळत नाही, कागदाला कळतं. ९८० आणि १४७० साठी हीच चाचणी कार्ड किंवा कॅमेऱ्याने, कमी शक्तीला.

मोजमाप आणि नियंत्रण

सिलिकॉनच्या फोटोडायोडला, म्हणजे प्रकाश मोजणाऱ्या छोट्या घटकाला, १४७० दिसत नाही. इनगॅसला दोन्ही दिसतात पण संवेदनशीलता वेगळी. म्हणून एकत्र झाल्यानंतर एकच फोटोडायोड लावून त्यावर सगळं नियंत्रण सोपवणं हा या यंत्रांतला सर्वांत वाईट आराखडा आहे. उदाहरण घ्या. डॉक्टरांनी ९८० ला २० वॅट आणि १४७० ला ५ वॅट निवडले. मध्येच १४७० चा डायोड गेला. एकूण शक्ती घटली म्हणून नियंत्रक ९८० वाढवत नेतो, बेरीज पुन्हा २५ होते, पडदा हिरवा. ऊतीवर मात्र पृष्ठभागाचं काम थांबलंय आणि आतलं तापणं वाढलंय.

प्रत्येक रंगाचा पहारेकरी फोटोडायोड त्याच्या स्वतःच्या वाटेत, एकत्र होण्याआधी बसवा आणि नियंत्रण त्यावरच चालवा. एकत्र झाल्यावर आणखी एक ठेवा, पण फक्त ताळा पाहायला: सुट्या मापांची बेरीज आणि एकत्रित माप यांत फरक पडला की यंत्र बंद. प्रत्यक्ष शक्ती ठरवलेल्या आकड्यापासून २० टक्क्यांहून जास्त हटू नये असं ६०६०१-२-२२ सांगतं. मल्टी-लेझर यंत्रात ती मर्यादा बेरजेवर लावून पळवाट काढू नये. प्रत्येक रंगाला ती वेगळी लावावी. लाल बीम डोळ्यासमोर असतो, तो ५ मिलिवॅटच्या आतच ठेवायचा, आणि तो विझला असताना फूटस्विचने काहीही होता कामा नये.

कार्बन डायऑक्साइड लेझर असेल तर

हा लेझर १९६४ मध्ये बेल लॅबोरेटरीजमध्ये बनवला तो चंद्रकुमार पटेल यांनी. जन्म बारामतीचा, पदवी पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाची. आजही त्वचारोग आणि कान-नाक-घसा विभागांत त्याला तोड नाही, कारण १०.६ मायक्रॉनचा प्रकाश ऊतीतल्या पाण्यात काही दहा मायक्रॉनच्या आतच संपतो. नेहमीच्या काचेच्या फायबरमधून तो जात नाही, म्हणून सांध्या-सांध्यांची आर्म आणि तिच्यातले आरसे.

इथे एकत्र करणारी तबकडी झिंक सेलेनाइडची असते. पिवळसर, १०.६ पार करणारी, लाल परावर्तित करणारी. कोटिंग खरवडलं तर प्रत्येक पृष्ठभागावर १७ टक्के शक्ती उडते. ती फुटली किंवा जळली तर धूळ आणि धूर विषारी, तेव्हा हातमोजे घालून उचला आणि वेगळी टाका.

रंगदोष इथे फारच मोठा. १०.६ ला १०० मिमीवर केंद्रित करणारं झिंक सेलेनाइडचं भिंग लालला ८८ मिमीवरच केंद्रित करतं. लाल सर्वांत बारीक दिसेल तिथे डॉक्टरांनी हँडपीस धरला, तर काम करणारा बीम तिथे पसरलेलाच असतो; कापण्याऐवजी भाजणं होतं. यावर हँडपीसला टेकवण्याची दांडी द्या, म्हणजे अंतर नजरेवर सोपवावं लागणार नाही. नाहीतर भिंगाऐवजी पॅराबोलिक आरसा वापरा. आरशाला रंग कळत नाही.

आर्मची तपासणी लालनेच होते. टोकाशी कागद चिकटवा आणि एकेक सांधा फिरवा. ठिपका जागचा हलला नाही तर बीम अक्षावर आहे. गोल फिरू लागला तर आर्ममध्ये शिरतानाच तिरका आहे. मग ओल्या टंग डिप्रेसरवर, त्या लाकडी चपट्या पट्टीवर, कमी शक्तीचा एक पल्स मारा. जळका डाग लालच्या मध्यावर यायला हवा. हाच प्रयोग फोकसवर आणि त्याच्या पलीकडे, दोन अंतरांवर करा. एका अंतरावर जुळतो आणि दुसऱ्यावर नाही, म्हणजे दोन बीम एकमेकांना छेदून जातात. एका अक्षावर नाहीत.

कलेजीवर चाचणी

पॉवरमीटर खूश झाला तरी ऊतीला विचारायचं राहतंच. बकऱ्याची ताजी कलेजी आणि कोंबडीच्या छातीचं मांस, दोन्ही आणा. कलेजीत रक्त भरपूर असतं, कोंबडीत कमी, आणि ९८० चा फरक तिथे डोळ्यांना दिसतो. फ्रिजमधून काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्या, वर धूर ओढणारा पंखा. फायबर एकाच वेगाने ओढता यावा म्हणून छोटी मोटारीची पट्टी असेल तर उत्तम. हाताने ओढलेल्या दोन रेषा कधी सारख्या येत नाहीत.

आधी फक्त ९८०, मग फक्त १४७०, मग दोघे मिळून, तिन्ही वेळा ऊतीला मिळणारी एकूण ऊर्जा सारखी. धारदार ब्लेडने आडवं कापा आणि मोजपट्टी ठेवून फोटो घ्या. तीन पट्टे दिसतात: उडून गेलेला खड्डा, काळी कड, आणि तिच्यापलीकडे फिकट, शिजल्यासारखा भाग. खड्ड्याची खोली आणि फिकट पट्ट्याची रुंदी वेगवेगळी लिहा. दोन लेझरच्या प्रमाणाबरोबर हे दोन आकडे बदलत गेले तर एकत्र करण्याला अर्थ आहे. बदलत नसतील तर फायबरचं टोक पाहा.

बहुधा ते काळं झालेलं असतं. टोकावर जळलेल्या ऊतीचा कोळसा बसला, की तो प्रत्येक तरंगलांबी सारखीच गिळतो आणि स्वतः लालबुंद होतो. त्यानंतर ऊतीपर्यंत पोचते ती तापलेल्या टोकाची उष्णता. ९८० आहे की १४७०, याला काही महत्त्व उरत नाही. दोन तरंगलांब्यांची तुलना करणारे किती तरी प्रयोग याच कारणाने निरर्थक ठरतात. प्रत्येक रेषेआधी टोक कापून नवं करा, किंवा टोक ऊतीपासून किंचित वर ठेवा, आणि कोळसा दिसला की ती रेषा मोजणीतून वगळा.

नोंदवही

यंत्राबरोबर एक वही असावी. प्रत्येक रंगाचा ठरलेल्या करंटला येणारा वॅटचा आकडा फायबरआधी आणि फायबरनंतर, १० सेंमीवरच्या लाल वर्तुळाचा व्यास, ताळ्याच्या फोटोडायोडचं माप, खोलीचं तापमान. एकाच रंगाची शक्ती फायबरनंतर घटली आणि आधी तीच राहिली तर त्या रंगाचा आरसा सरकलाय. सगळ्यांची सारखी घटली तर फायबरचं तोंड किंवा शेवटचं भिंग मळलंय. फायबरआधीच घटली तर डायोड म्हातारा होतोय. पेचकस हातात घेण्याआधी या तीन शक्यता पाहिल्या की निम्मा वेळ वाचतो. आणि लाल डायोड बदलला, तर 'फक्त एमिंग बीमच बदलला' म्हणून यंत्र परत देऊ नका. कागदावरचं वर्तुळ आणि टंग डिप्रेसर किंवा कार्डावरची जुळणी पुन्हा पाहून, नवे आकडे वहीत तारखेसह लिहूनच ते खोलीबाहेर जाऊ द्या.